रुमालाखालचा भाव

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव नकाशावर लहान दिसते, पण त्याच्या चौरस्त्यावर घटकाभर उभे राहिले की अर्धा देश समोरून जाताना दिसतो. उत्तरेला नागपूर, दक्षिणेला हिंगणघाट आणि पुढे थेट हैदराबाद. चंद्रपूरला जाणारी वाटही इथूनच वरोऱ्याच्या दिशेने फुटते. आज या महामार्गाचा क्रमांक ४४ आहे आणि तो श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत जातो. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळण्याआधी तो ७ होता, आणि त्याची सुरुवात वाराणसीला होत असे. तिथून मिर्झापूर, रेवा, जबलपूर करीत तो नागपूरला आणि मग जामला येई. मिर्झापूरचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे आपल्याला ते पुन्हा भेटणार आहे. दिवाळी सरली की या रस्त्यावर कापसाने तट्ट फुगलेल्या गाड्या हिंगणघाटच्या बाजाराकडे निघतात, आणि त्यांना मागे टाकीत नागपूर-हैदराबादच्या काळ्या, लांबलचक आलिशान मोटारी जातात. कापूस विकायला निघालेला शेतकरी आणि तसली मोटार लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्याने, घ्यायला निघालेला डॉक्टर किंवा कारखानदार यांच्यात वरकरणी काहीच साम्य नाही. तरी दोघांच्या मनात प्रश्न एकच असतो: समोर बसलेल्या व्यापाऱ्याला खरा भाव काय माहीत आहे, आणि तो मला का माहीत नाही? मोटारीच्या बाबतीत त्याचे रूप असे, की डीलरला ही गाडी केवढ्याला पडली? हा प्रश्न विचारण्याचा हक्क माणसाने कसा, कुठे आणि किती काळ झगडून मिळवला, याचा मागोवा घ्यायचा तर आपल्याला मोटारीच्या बरेच मागे जावे लागेल.

व्यापाऱ्याचा नफा किती असावा, हे उघडपणे लिहून ठेवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वैदेहकरक्षण’ नावाचा एक अध्याय आहे. वैदेहक म्हणजे व्यापारी, आणि रक्षण करायचे ते व्यापाऱ्यांपासून प्रजेचे. तिथे ठरवून दिलेल्या खरेदीच्या भावावर देशी मालाला शेकडा पाच आणि परदेशी मालाला शेकडा दहा इतका नफा मान्य केला आहे. त्याहून जास्त घेणाऱ्याला दंड. परदेशी मालावर जास्त नफा ही सवलत मला दर वेळी थबकायला लावते, कारण दुरून येणाऱ्या, दुर्मीळ आणि प्रतिष्ठेच्या वस्तूची खरी किंमत गिऱ्हाइकाला कधीच नीट कळत नाही, हे त्या ग्रंथकाराने जाणले होते असे वाटते. पुढे मराठी राज्यात या कल्पनेला ‘निरख’ हा शब्द मिळाला. निरख म्हणजे ठरलेल्या भावांची यादी. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे होती, त्यांत बाजाराचा निरख सांभाळणे हे एक होते, आणि पेठांतले शेटे-महाजन त्यात सामील असत. पण निरख हा विक्रीचा भाव सांगे. व्यापाऱ्याची खरेदी केवढ्याची, हे त्याच्या वहीतच राही. आपला प्रश्न त्या वहीत अडकलेला आहे.

वही बंद ठेवण्याची कला विदर्भाच्या आणि खानदेशच्या बाजारांत एका विलक्षण टोकाला पोचली होती. मराठीत तिला करपल्लवी म्हणतात, बाजारात तिचे नाव हत्ता. अडत्या एका हातावर रुमाल, उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकतो. खरेदीदार त्या कापडाखाली हात घालून त्याची बोटे दाबतो. एक बोट, दोन बोटे, पंजा, पेराला दिलेला हलका चिमटा, प्रत्येकाचा ठरलेला आकडा. एक बोट म्हणजे एक की दहा की शंभर, हे माल पाहूनच दोघांना कळते. एक खरेदीदार मागे सरकतो, दुसरा पुढे येतो, रुमाल तसाच. शेवटी अडत्या एक भाव जाहीर करतो आणि माल विकला जातो. गाडीच्या जुवाशी उभा असलेला शेतकरी, ज्याच्या वर्षभराच्या घामाचा तो सौदा आहे, त्याला रुमालाखाली सर्वांत वरचा आकडा कोणता लागला हे शेवटपर्यंत कळत नसे. या पद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद होता, आणि तो ऐकून घेतला पाहिजे: खरेदीदाराची बोली दुसऱ्या खरेदीदाराला कळली नाही तर तो भीत भीत जास्तच बोलेल. युक्तिवाद तर्काला धरून आहे. पण अडत्या आणि खरेदीदार रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसणारे, आणि शेतकरी वर्षातून दोनदा येणारा, एवढ्या एका गोष्टीने तो कोलमडतो.

आता मिर्झापूरकडे वळू. रेल्वे येण्यापूर्वी नागपूर-वऱ्हाडचा बराच कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर लादून उत्तरेला मिर्झापूरपर्यंत जाई, आणि तिथून गंगेच्या पाण्याने कलकत्त्याला. पाचशे मैलांची ती वाट. तिथे काय भाव मिळाला ही बातमी परत यायला महिने लागत, आणि ज्याच्याकडे ती आधी येई, तो पुढच्या हंगामाचा धनी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस थांबला आणि हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडी आला. ‘हिंगणघाट’ हे त्या बाजारात कापसाच्या एका जातीचेच नाव होऊन बसले. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो याच धामधुमीत, १८६२ साली. शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या आख्यायिका त्या वेळच्या. युद्ध संपताच भाव कोसळला. आणि तो कोसळल्याचे ज्यांना सर्वांत शेवटी कळले, त्यांच्याच घरात माल पडून होता. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. हॅरी रिव्हेट-कर्नाक हा इंग्रज अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त झाला आणि त्याने या पिकावर जाडजूड अहवाल लिहिले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावचा रेल्वेफाटा खुला केला, आणि त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला इंग्लंडशी जोडून गेली. मिर्झापूरची महिन्यांची बातमी आता लिव्हरपूलहून काही तासांत येऊ लागली. मला हे या कथेतले पहिले मोठे वळण वाटते. तार मात्र गावात एकाच ठिकाणी येई, व्यापाऱ्याच्या पेढीवर. बातमीचा वेग हजारपटीने वाढला आणि रुमाल होता तिथेच राहिला.

तो उचलण्याचा पहिला कायदेशीर प्रयत्न वर्धा नदीच्या पलीकडे, वऱ्हाडात झाला. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा लाड इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. आपले हिंगणघाट आणि जाम नदीच्या अलीकडे, मध्य प्रांतात. इथल्या शेतकऱ्याला आणखी पस्तीस वर्षे थांबावे लागले. १९२८ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार उभारावेत अशी शिफारस केली, तेव्हा कापडाखालच्या सौद्याचा दोष तिथे सरकारी कागदावर आला. १९३२ साली मध्य प्रांताचा कापूस बाजार कायदा झाला, आणि १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने उघड लिलाव हीच रीत ठरली. आज हिंगणघाटच्या बाजार समितीत गाडीभोवती व्यापारी जमतात, बोली मोठ्याने होते आणि शेतकरी ती कानाने ऐकतो. रुमालापासून तिथवरच्या या वाटेला सुमारे ऐंशी वर्षे लागली. मात्र उघड झाली ती बोली. व्यापारी त्याच कापसाची सरकी आणि रुई पुढे केवढ्याला विकणार, खंडीमागे त्याला काय सुटणार, हे शेतकऱ्याने आपले आपण काढायचे.

कापसापासून कापडाकडे आलो की दुसरा एक विसरलेला पूर्वज भेटतो. जुन्या कापडदुकानांत लुगड्याच्या किंवा शालूच्या घडीला एक चिठ्ठी टाचलेली असे, आणि तिच्यावर आकड्यांऐवजी दोन-तीन अक्षरे. दुकानदाराने मनाशी दहा अक्षरांचा एक शब्द किंवा वाक्य धरलेले असे, ज्यात एकही अक्षर दोनदा येत नाही. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, शेवटचे म्हणजे शून्य. त्या चिठ्ठीवर त्या लुगड्याची खरेदीची किंमत लिहिलेली असे, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर. गादीवरच्या गुमास्त्याला किती खाली उतरायचे हे एका नजरेत समजे, आणि समोर बसलेल्या बाईला अक्षरे दिसूनही वाचता येत नसत. डीलरची खरेदी किंमत कागदावर असते, ती वाचता आली पाहिजे, हा आजच्या मोटारखरेदीचा सगळा खटाटोप त्या चिठ्ठीत आधीच होता.

आता समुद्र ओलांडू, कारण मोटारीची किंमत वाचायला शिकण्याचे काम प्रथम अमेरिकेत झाले. तिथे दुकानांतून एकच छापील भाव रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फिलाडेल्फियाचे जॉन वानामेकर यांचे नाव त्यासाठी घेतले जाते. मोटार मात्र त्या रीतीबाहेर राहिली, कारण नवी घेताना जुनी देण्याची पद्धत घोड्यांच्या व्यापारातून आली होती, आणि जिथे अदलाबदल तिथे घासाघीस. १९२६ साली लॉस एंजेलिसच्या लेस केली यांनी वापरलेल्या मोटारींच्या किमतींचे ‘ब्लू बुक’ काढले. ते मुख्यतः व्यापाऱ्यांसाठी होते. नव्या मोटारीवर छापील किंमतच नसे, आणि विक्रेते आधी ती फुगवीत, मग फुगवलेल्यातून ‘सूट’ देत. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी हे उचलून धरले आणि १९५८ साली कायदा झाला, की प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेली किंमत, जोडलेल्या वस्तूंची किंमत आणि वाहतूकखर्च हे वेगवेगळे लिहून चिकटवलेच पाहिजेत. तो कागद आजही मन्रोनींच्या नावाने ओळखला जातो. काचेवर विक्रीची किंमत आली, म्हणजे निरख आला. वही अजून बंदच होती.

ती वही उघडली खासगी प्रकाशकांनी. १९६६ साली ‘एडमंड्स’ नावाच्या छोट्या पुस्तिका निघू लागल्या. अशा पुस्तिकांनी कारखान्याने सुचवलेल्या किमतीशेजारी डीलरच्या बिलाची किंमतही छापण्याची वाट रुळवली. गिऱ्हाईक ती खिशात घालून शोरूममध्ये जाई आणि वरून खाली घासण्याऐवजी खालून वर बोलू लागे: तुमच्या बिलावर इतके पडले, त्यावर इतका नफा घ्या. सौद्याची दिशाच उलटली. नव्वदच्या दशकात हीच माहिती इंटरनेटवर फुकट मिळू लागली. पण वही उघडली की व्यापार नवी वही घालतो. बिलावरची किंमत हीसुद्धा खरी खरेदी नव्हती. मोटार विकली गेली की कारखाना छापील किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास रक्कम डीलरला परत देई, तिला होल्डबॅक म्हणतात, आणि त्याखेरीज महिन्याचे लक्ष्य गाठल्याचे इनाम वेगळे. म्हणून जाणते लोक महिनाअखेरीस आणि तिमाहीच्या शेवटी मोटार घ्यायला जात.

लीजने हा रुमाल पुन्हा पसरला, आणि इथे आपण जरा थांबले पाहिजे, कारण या कथेतला सर्वांत कठीण गणिताचा भाग हाच आहे. अमेरिकेत मोटारींचे ताफे भाड्याने देण्याचा धंदा १९३९ पासून, शिकागोच्या झोली फ्रँक यांच्यापासून मोजतात. खासगी माणसासाठी लीज पुढे पसरली, आणि महागड्या मोटारींत ती विशेष रुजली. कारण उघड आहे. ज्याला दर तीन वर्षांनी नवी मोटार हवी, त्याने पूर्ण किंमत न भरता तेवढ्या काळातली घट भरावी. पण मग बोलणे किमतीवर होत नाही, महिन्याच्या हप्त्यावर होते, आणि हप्ता तीन आकड्यांपासून शिजतो: मोटारीची धरलेली किंमत, मुदतीअखेरचे ठरवलेले मूल्य आणि व्याजाचा घटक. उदाहरणादाखल ६० लाखांची मोटार, ३६ महिन्यांची मुदत आणि अखेरचे मूल्य ३३ लाख घेऊ. घट २७ लाख, म्हणजे महिन्याला ७५,०००. व्याजाचा घटक अमेरिकी पद्धतीने ०.००४ असा लिहितात. त्याला २,४०० ने गुणले की वर्षाचा दर मिळतो, इथे ९.६ टक्के. ६० आणि ३३ यांची बेरीज ९३ लाख, तिला ०.००४ ने गुणले की ३७,२००. हप्ता झाला १,१२,२००, कर वेगळा. आता समजा, डीलरची खरेदी माहीत असल्यामुळे गिऱ्हाइकाने धरलेली किंमत ५७ लाखांवर आणली. हप्ता उतरून सुमारे १,०२,६६७ होतो, आणि तीन वर्षांत ३,४३,२०० रुपये वाचतात; तीन लाख सुटीचे आणि बाकी व्याजाचे. पण त्याच बैठकीत व्याजाचा घटक गुपचूप ०.००४५ केला, तर हप्ता पुन्हा महिन्याला ४,५०० रुपयांनी चढतो आणि १,६२,००० रुपये दुसऱ्या दाराने परत जातात. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानी बसलेला तो पाच म्हणजे रुमालाखालचे बोटच. अमेरिकेने १९७६ साली ग्राहक लीज कायदा केला, आणि त्याखालच्या नियमांत सुधारणा होऊन १९९८ पासून धरलेली किंमत, अखेरचे मूल्य, घट आणि भाड्याचा आकार ठरलेल्या तक्त्यात दाखवणे सक्तीचे झाले. व्याजाचा घटक सांगणे मात्र त्यातही बंधनकारक नव्हते.

जामच्या आसपासच्या शेतकऱ्याला या गणिताची चाल परकी नाही, असे माझे मत आहे. मक्त्याने शेत करणारा माणूस कधी महिन्याच्या हिशेबाने बोलत नाही. वर्षाची रक्कम ठरवतो, जमीन काळी की बरड, विहिरीला पाणी किती, गेल्या साली काय पिकले हे आधी विचारतो, आणि मुदतीअखेर बांध-धुऱ्याची अवस्था काय असेल याचीही बोली करून ठेवतो. मूळ मोल, मुदत आणि परत करतानाची अवस्था, तिन्ही गोष्टी त्याच्या तोंडी असतात. शोरूममध्ये मात्र तोच माणूस ‘महिन्याला किती बसतील’ एवढेच विचारून मोकळा होतो, कारण समोरचा त्याला तेवढेच विचारायला लावतो.

भारतात मोटारीच्या किमतीचा प्रवास अगदी वेगळ्या वाटेने झाला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात मोटारी बांधू लागली. टंचाई इतकी, की १९५९ साली मोटारींच्या वाटप-विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम आला आणि १९६९ साली किमतीही सरकारने ठरवून दिल्या. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. एका मोटारीला कारखान्यात काय खर्च येतो, डीलरला काय द्यावे, याचा कीस देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात पडला. कौटिल्यानंतर इतक्या जाहीरपणे व्यापाऱ्याची वही क्वचितच उघडली असेल. पण त्याने गिऱ्हाइकाला सौद्याचे बळ आले नाही, कारण माल नव्हता. वर्षानुवर्षांची यादी, आणि नंबर लागलेल्याकडून जास्तीचे पैसे देऊन मोटार विकत घेणे, त्याला बाजारात ‘ऑन’ म्हणत. गंमत अशी की, याच काळात जामच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाचीही तीच गत झाली. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार योजना आली. खरेदीदार एकटे सरकार, भाव जाहीर, घासाघीस संपली. आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रातोरात सीमेपार जाऊ लागला. जाहीर भाव आणि खरा भाव यांच्यातले अंतर त्या रात्रीच्या गाड्यांवरून मोजता येई.

१९८३ साली मारुती आली, १९९३ साली मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि १९९५ साली पुण्यात मर्सिडीज-बेंझ जुळू लागली. मधल्या काळात, १९९० साली, आवेष्टित मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले, आणि ‘एमआरपी’ हा शब्द वाण्याच्या दुकानापासून बायाबापड्यांच्या तोंडी गेला. मोटार आवेष्टनात येत नाही, त्यामुळे ती या नियमाबाहेर राहिली. तिला मिळाली ‘एक्स-शोरूम’ किंमत, म्हणजे कारखान्याने जाहीर केलेली. आणि तिच्यावर रस्ताकर, विमा, दहा लाखांवरच्या मोटारीला २०१६ पासून उगमाजवळ गोळा होणारा एक टक्का कर, शिवाय डीलरची ‘हाताळणी’ आणि जोडवस्तू. सूट असते ती या सगळ्यांच्या फटींतून.

त्या फटीत बोट घालण्याचा मराठी मुलखातला सर्वांत मोठा प्रसंग १९४७ नंतरच्या मोटारइतिहासात एकच आहे, असे मला वाटते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दीडशे लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. भारतीय स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्के दराने कर्ज दिले. ती खरेदी होती, लीज नव्हे. पण आपण आत्ताच पाहिलेल्या तीन आकड्यांपैकी दोघांवर, किमतीवर आणि व्याजावर, त्यांनी एकाच वेळी हात ठेवला होता. डीलरची खरेदी एकट्या माणसाला कुणी सांगत नाही. दीडशे मोटारींची मागणी समोर ठेवली की वही आपोआप टेबलावर येते. ज्या प्रदेशात सूतगिरण्या आणि साखर कारखाने सहकाराने उभे राहिले, तिथेच हे सुचावे याचे मला नवल वाटत नाही, आनंद वाटतो.

पुढचे वळण २०१७ सालचे. मारुती सुझुकीच्या एका डीलरने नाव न देता भारतीय स्पर्धा आयोगाला ई-मेल पाठवला. तक्रार होती ती महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्यात येतो त्या विक्री-विभागाबद्दल: ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट डीलरने गिऱ्हाइकाला द्यायची नाही, दिली तर दंड. चौकशीत निघाले की कंपनीने नेमलेल्या संस्था खोटे गिऱ्हाईक बनवून माणसे शोरूममध्ये पाठवीत, ती सूट मागत, आणि डीलर द्यायला तयार झाला की पुरावा कंपनीकडे जाई. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली आणि दंडाला स्थगिती मिळाली. दंडाचे पुढे काही होवो, त्या आदेशाने एक गोष्ट सरकारी भाषेत लिहिली गेली, की सूट हा डीलर आणि गिऱ्हाईक यांच्यातला खुला सौदा आहे, आणि तो वरून बंद करणे स्पर्धेच्या विरुद्ध आहे.

आणि त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, सौद्याची जागाच हलली. ऑक्टोबर २०२१ पासून मर्सिडीज-बेंझ इंडियाने नवी पद्धत सुरू केली: मोटारींचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल थेट कंपनीकडून गिऱ्हाइकाच्या नावे, देशभर एकच किंमत, आणि डीलरला ठरलेले कमिशन. डीलर मोटार विकतच घेत नाही, म्हणून त्याची खरेदी किंमत नावाची गोष्टच उरत नाही. एडमंड्सच्या पुस्तिकेपासून जी विद्या पन्नासहून अधिक वर्षे जमवली गेली, ती या शोरूमच्या दारात लागू पडत नाही. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले तेही डीलर न ठेवता. या बदलाकडे मी दोन मनांनी पाहतो. ज्याला घासाघीस जमत नाही, ज्याची ओळख नाही, जो पहिल्यांदाच असल्या दालनात पाऊल टाकतो आहे, त्याला शेजारच्याइतकीच किंमत मिळते, आणि ही मोठी न्याय्य गोष्ट आहे. पण एकाच हाताने ठरवलेल्या भावाचा अनुभव विदर्भाने १९७२ पासून तीस वर्षे घेतला आहे.

लीज घेणाऱ्यासाठी मात्र तीन आकड्यांपैकी एकच गोठला आहे. मुदतीअखेरचे मूल्य आणि व्याजाचा घटक अजून टेबलाखालीच आहेत. ज्या ब्रँडांत डीलर अजून स्वतः मोटार विकत घेतो, तिथे तर आणखी एक पेच आहे: लीजवरची मोटार लीज कंपनीच्या नावाने घेतली जाते, त्यामुळे डीलरने दिलेली सूट आधी तिच्या पदरात पडते. ती गिऱ्हाइकापर्यंत आली की नाही, हे करारात मोटारीची धरलेली किंमत वेगळी लिहिली असेल तरच दिसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने सर्व खर्च आणि वार्षिक दर ठरलेल्या नमुन्यात दाखवणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचे केले. मोटारीचा भाडेपट्टा मात्र कर्जाच्या नावाने होत नाही, म्हणून तो या सक्तीबाहेर राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरचा जीएसटी, उपकर जाऊन, सरळ ४० टक्के झाला, आणि जुन्या दराने काढलेले हप्ते नव्याने मांडून मागण्याचे निमित्त मिळाले.

जामहून नागपूर सुमारे सत्तर किलोमीटर. हिंगणघाटला जिनिंग असलेला एखादा गृहस्थ आज या चौरस्त्यावरून दालनाकडे निघतो तेव्हा त्याच्या फोनमध्ये सकाळचा रुईचा खंडीचा भाव असतो, ३५६ किलोंची खंडी, आणि त्यातून सरकी, घट, मजुरी वजा करून कापसाची बोली कुठवर लावायची हे त्याला तोंडपाठ असते. दालनात तो हप्ता विचारत नाही. कागद पुढे ओढतो आणि एकाखाली एक तीन ओळी लिहितो: किंमत किती धरली, तीन वर्षांनी गाडी केवढ्याला मोजणार, व्याज कितीने लावले. पहिली ओळ विक्रेता लगेच भरतो. दुसरी, दोनदा संगणकात पाहून. तिसऱ्या ओळीशी पेन थांबते, आणि ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणत तो काचेच्या दाराआड जातो. गृहस्थ चहाचा कप बाजूला सारतो आणि खुर्चीत नीट टेकून बसतो.